कॅनडाचा सिनेमा म्हणजे नक्की कुठला हो?

मागच्या अंकात एका वाचक मैत्रिणीने आडवाटेचे सिनेमे विचारले होते, मी सहज कॅनडाची दोन नावं टाकली, तर त्यावरच एवढी पत्रं आलीत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. आधीच सांगते, मी समीक्षक वगैरे नाही, रात्री ओटा आवरून झाला की पाय वर घेऊन बघणारी बाई आहे. जे वाटलं ते लिहिते, पटलं तर घ्या नाहीतर सोडून द्या.

नाशिकहून एक वाचक : ताई, कॅनडाचा असा वेगळा सिनेमा असतो का? मला तर सगळं हॉलिवूडच वाटतं. माणसं तशीच, इंग्रजी तसंच, गाड्यासुद्धा त्याच.

दादा, हे रडगाणं खुद्द कॅनडातले लोकही गातात. शेजारी एवढा अवाढव्य, भाषा बरीचशी तीच, थिएटरं त्याच्याच सिनेमांनी भरलेली, आणि वर यांची शहरं त्याला शूटिंगला भाड्याने. २००२ चा ऑस्करवाला 'शिकागो' टोरांटोत शूट झालाय. जॅकी चॅनचा 'रंबल इन द ब्राँक्स' आठवतोय का? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये धुमाकूळ चाललाय आणि मागे झकास डोंगर दिसतायत, कारण ते व्हँकुव्हर आहे, ब्राँक्सला कुठले आलेत डोंगर! बरं, यांचे स्वतःचे सिनेमे तरी यांचे असावेत ना, तर १९७० च्या दशकात सरकारने सिनेमात पैसे घालणाऱ्यांना टॅक्समध्ये शंभर टक्के वजावट देऊन टाकली, मग काय, डॉक्टर-डेंटिस्ट मंडळींनी पैसे ओतले, सिनेमे धडाधड निघाले, पण त्यातले कितीतरी असे की बघणाऱ्याला वाटावं हे अमेरिकेतच चाललंय. 'पोर्कीज' म्हणून त्यांचा एक तुफान चाललेला सिनेमा आहे, तो तर फ्लोरिडात घडतो आणि शूटही फ्लोरिडातच झालाय. मराठी सिनेमाने मुंबईत बसून हिंदीची नक्कल केली की जे होतं तेच हे, त्यामुळे आपल्याला तो वास लगेच येतो.

म्हणून माझा हिशोब सोपा आहे, जो सिनेमा आपलं गाव लपवत नाही तो बघायचा. १९७० चा डोनाल्ड शेबिबचा 'गोइंग डाऊन द रोड' घ्या. पूर्वेकडच्या केप ब्रेटनमधले दोन तरुण, पीट आणि जोई, गावात काम नाही म्हणून जुनी खटारा इम्पाला गाडी घेऊन टोरांटोला निघतात. वाटतं शहरात गेलं की झालं. मिळतं काय, तर बाटल्या भरायच्या कारखान्यात हमाली. जोईचं लग्न होतं, पोटात बाळ, हप्त्यावर घेतलेलं सामान, मग नोकरी जाते आणि शेवटी सुपरमार्केटमधून वाणसामान पळवायची वेळ येते. त्यात टोरांटो टोरांटोच आहे, कुणाची डुप्लिकेट नाही. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना समजावून सांगायला नको. हिरो म्हणून दोघंही फार हुशार नाहीत, जोई तर जामच बावळट आहे, आणि तेच मला आवडलं.

सांगलीहून एक वाचक : सासू-सासरे, मुलं, सगळ्यांनी एकत्र बसून बघण्यासारखं काही सांगा. मध्येच रिमोट शोधायची वेळ येऊ नये.

'ला ग्रांद सेदुक्सिओं', २००३, कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतातला, फ्रेंच भाषेत. नावावर जाऊ नका, मोहात पाडायचंय ते एका डॉक्टरला आणि पाडणारं आहे अख्खं गाव.

गोष्ट अशी की समुद्राकाठचं टीचभर गाव आहे, मासेमारी बसलीय, सगळे सरकारी भत्त्यावर, महिन्याला पोस्टात चेकसाठी रांग. एक कारखाना यायला तयार आहे पण अट अशी की गावात कायमचा डॉक्टर पाहिजे. आता एवढ्या लांब कोण येणार? माँट्रियलचा एक प्लॅस्टिक सर्जन एका भानगडीत सापडून महिन्याभरासाठी इथे येऊन पडतो आणि गाव ठरवतं की या महिन्यात याला असं पटवायचं की हा परत जाता कामा नये. आणि या डॉक्टरला आवडतं काय, तर क्रिकेट! ज्या गावाने जन्मात बॅट बघितलेली नाही ते म्हातारे मच्छीमार पांढरे कपडे घालून क्रिकेट खेळायला लागतात. आपल्या घरात हा सीन बघताना काय दंगा होतो ते मी लिहीत नाही, तुम्ही बघा. फिल्डिंग कुठेही, टाळ्या कधीही, आऊट म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांची धडपड एकच, की डॉक्टरने जवळ येऊन बघू नये. आमच्याकडचे सासरे, ज्यांना सबटायटलवाल्या सिनेमांचा तिटकारा आहे, ते चष्मा पुसून पुढे सरकून बसले.

पुढेही चालूच, डॉक्टरचा फोन चोरून ऐकायला बायका बसवल्यात, त्याला गळाला मासा लागावा म्हणून पाण्याखाली माणूस आणि गळाला फ्रीजरमधला मासा, त्याच्या वाटेवर मुद्दाम पाच डॉलरची नोट टाकून ठेवायची म्हणजे त्याला वाटावं आपलं नशीब इथे फळफळतंय. हसता हसता मध्येच लक्षात येतं की हे लोक खोटं बोलतायत ते भीक मागायला लागू नये म्हणून, आणि डॉक्टरला फसवलं जातंय हेही खरं. शेवटाकडे जरा गोडगोड होतो, मला तेवढं नाही आवडलं, पण घरच्यांना तेच आवडलं.

शूटिंग हॅरिंग्टन हार्बरला झालंय, तिथे गाडीरस्ता पोचतच नाही, बोटीने किंवा विमानाने जायचं, गावात खडकांवरून लाकडी फळ्यांच्या वाटा. पुढे २०१३ ला याचाच इंग्रजी अवतार न्यूफाउंडलंडमध्ये झाला, 'द ग्रँड सिडक्शन', ब्रेंडन ग्लीसन आहे त्यात, तोही बघवतो. पण आधी फ्रेंचच बघा.

नागपूरहून एक वाचक : तुम्ही सांगितलेला तो बर्फातला तीन तासांचा सिनेमा अर्ध्यात सोडला. कोण कोणाचा नवरा आणि कोण कोणाचा भाऊ काही कळेना. एवढं काय आहे त्यात?

'अटानारजुआट'. पहिला अर्धा तास मलाही धुकंच होतं, सगळे कातड्याच्या कपड्यात, चेहरे टोपीत, नावं तोंडात न बसणारी. माझं ऐका, तेवढा वेळ नात्यांच्या मागे लागू नका, नुसतं बघत राहा. दिवा कसा लावतात, मांस कसं कापतात, बर्फाचं घर कसं रचतात. मग कथा आपोआप पकड घेते आणि ती पकडली की लक्षात येतं, अरे ही तर आपल्याला माहीत असलेलीच भाऊबंदकी आहे. अटुआट ही मुलगी लहानपणापासून ओकीला ठरवलेली, तिचा जीव अटानारजुआटवर. मग दोघांची झुंज, आणि झुंज कशी, तर समोरासमोर उभं राहायचं, एकाने गप्प उभं राहून दुसऱ्याचा ठोसा कानशिलावर खायचा, मग याची पाळी. ना नाच ना उड्या, ना मागून ढोल. मी हिंदी सिनेमातल्या एवढ्या मारामाऱ्या बघितल्यात पण त्या दोन ठोशांना जसा घसा कोरडा पडला तसा कधी पडला नाही.

तुम्ही जिथे सोडलात त्याच्या पुढेच तो सीन आहे. अटानारजुआट आणि त्याचा भाऊ तंबूत झोपलेत, ओकीची टोळी येऊन तंबूच अंगावर पाडते आणि वरून भाले खुपसायला लागते. भाऊ जातो, अटानारजुआट नागडा उघडा बाहेर पडतो आणि समुद्रावरच्या बर्फावरून धावत सुटतो. पायाला रक्त, डबक्यांमधून, भेगांवरून, मागे तिघं भालेवाले. किती वेळ चालतो हा सीन, संपतच नाही, आणि संपू नये असंही वाटतं. एक म्हातारा त्याला समुद्रातल्या शेवाळाखाली लपवतो आणि पाठलाग करणारे वर येऊन उभे राहतात... जाऊ दे, बघा तुम्हीच.

हा सिनेमा इग्लूलिक गावच्या इनुइट लोकांनी, म्हणजे उत्तरेच्या बर्फातल्या मूळ रहिवाशांनी, स्वतःच्या इनुक्टिटुट भाषेत केलाय, त्या भाषेतला हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट, दिग्दर्शक झकारायस कुनुक. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून पिढ्यानपिढ्या चालत आलेली गोष्ट, ती गोळा करून पटकथा रचणारे पॉल अपाक १९९८ ला वारले, सिनेमा पुरा झालेला त्यांनी बघितला नाही. २००१ ला फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला पहिल्या सिनेमासाठी असतो तो कॅमेरा दोर पुरस्कार मिळाला. जुन्या कथेत शेवटी सूडाने मुडदे पडतात, सिनेमात हिरो हात वर उचलतो आणि थांबतो, इथेच पुरे म्हणतो. आणि नावं सुरू झाली की उठू नका, तिथे शूटिंगचे तुकडे दाखवलेत, आत्तापर्यंत हजार वर्षांपूर्वीची वाटणारी माणसं गॉगल लावून, कॅमेरा बर्फगाडीवर बांधून हसत उभी आहेत.

टोरांटोच्या फेस्टिव्हलवाले अधूनमधून जाणकारांना विचारून कॅनडाच्या उत्तम सिनेमांची यादी काढतात, त्यात १९८४, १९९३, २००४ तिन्ही वेळा क्लोद जुत्राचा 'मोन ओंक्ल आंत्वान' पहिला होता, २०१५ ला 'अटानारजुआट'ने त्याला खाली ओढलं. जुत्राचा तोही चांगलाच आहे, खाणीच्या गावातला ख्रिसमस, साहेब घोडागाडीतून पोरांना फुटकळ खेळणी फेकत जातो आणि दोन पोरं त्याच्या घोड्याला बर्फाचे गोळे मारतात. पण २०१६ ला जुत्रावर मुलांच्या लैंगिक छळाचे आरोप पुढे आले, त्याच्या नावाचे पुरस्कारसुद्धा बदलले, तेव्हापासून मला तो सिनेमा परत लावायची इच्छा झालेली नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

ठाण्याहून एक वाचक : दीपा मेहतांचे सिनेमे कॅनडाचे धरायचे की आपले?

दोन्हीकडचे धरा, भांडण कशाला. अमृतसरच्या, १९७३ ला कॅनडात गेल्या. 'फायर'वरून १९९८ ला मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली ते आपल्या पिढीला आठवतंच. 'वॉटर'चं शूटिंग २००० ला वाराणसीत उधळलं गेलं, सेट मोडले, मग काही वर्षांनी श्रीलंकेत जाऊन पुरा केला. गंमत पुढे आहे, सिनेमा हिंदीत, गोष्ट काशीच्या विधवांची, आणि ऑस्करला परभाषेच्या गटात पाठवला कॅनडाने. आधी नियम असा होता की सिनेमा त्या देशाच्या अधिकृत भाषेतलाच पाहिजे, तो नियम नेमका तेव्हाच बदलला, आणि कॅनडाला या गटात फ्रेंच सोडून दुसऱ्या भाषेसाठी नामांकन मिळालं ते पहिल्यांदा हिंदीसाठी. सीमा बिस्वासला त्या कामाबद्दल कॅनडाचं जिनी अवॉर्ड मिळालं, ते मिळायलाच हवं होतं, जॉन अब्राहमचं मात्र काही खरं नाही त्यात.

मला विचाराल तर त्यांचा कमी बघितला गेलेला 'हेवन ऑन अर्थ' बघा, २००८ चा. लग्न करून पंजाबातून टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला गेलेली मुलगी, प्रीती झिंटा, आणि त्या घरातली मारहाण. गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल'चा धागा त्यात ओवलाय. नाटक बघितलेल्यांना नाग कॅनडात कसा पोचला याची उत्सुकता वाटेल, मला तो जोड थोडा ओढूनताणून वाटला, पण त्या दोन खोल्यांच्या घरात कोंबलेली सात-आठ माणसं, पाळीपाळीने झोपणं, ते अगदी खरं वाटतं.

पुण्याहून एक वाचक : वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. 'अस्तु' बघितलाय. त्या विषयावर कॅनडाचं काही आहे का, फार रडवणारं नको.

आहे, 'अवे फ्रॉम हर', २००६. सारा पॉली हिने केला तेव्हा ती तिशीच्याही आतली होती, आणि म्हातारपण एवढं कुठून कळलं हिला असं वाटत राहतं. कथा कॅनडाच्याच लेखिका ॲलिस मन्रोची. 'अस्तु'मध्ये मोहन आगाशेंचे अप्पा हत्तीच्या मागे निघून जातात, आपला जीव वरखाली होत राहतो, इथे तसं काही घडत नाही. सुरुवातीलाच नवरा-बायको जेवणाची भांडी धुतायत, ती धुतलेला तवा पुसते आणि सहज नेऊन फ्रीजरमध्ये ठेवते. नवरा बघतो. काही बोलत नाही. बस, एवढंच. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना तो तवा पुरतो.

मग ती स्वतःच ठरवून संस्थेत राहायला जाते. तिथला नियम, पहिले तीस दिवस भेटायला यायचं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि तीस दिवसांनी हा फुलं घेऊन जातो तर ती तिथल्याच एका आजारी माणसाची सेवा करत बसलीय, याच्याशी सभ्यपणे बोलते, पाहुण्याशी बोलावं तसं. इथे सिनेमा नवऱ्याला बिचारा करून सोडत नाही, त्याने तरुणपणी काय काय केलंय ते हळूच बाहेर येतं. बायकोच्या कामात ज्यूली ख्रिस्ती म्हणजे काय बाई आहे! रडवणारं नको म्हणालात, हा रडवत नाही पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आठवतो. वडिलांसोबत नका बघू, आईसोबतही आधी स्वतः बघून मगच.

औरंगाबादहून एक वाचक : झाव्हिए दोलानचा 'मॉमी' तुम्हाला आवडला नाही असं लिहिलंत. जगभर कौतुक झालं त्याचं!

झालं की, कानला ज्युरी पुरस्कारही मिळाला, तेव्हा दिग्दर्शक दोलान होता पंचवीस वर्षांचा. पण दोन तासांच्या वर सगळे नुसते किंचाळतायत हो, आई किंचाळते, पोरगा किंचाळतो, मला तर आवाज कमी करून बघावा लागला. चौकोनी फ्रेम आहे, मोबाइलवर उभा धरलेला फोटो कापल्यासारखी, त्यात जीव गुदमरतो, तोच उद्देश आहे म्हणे. एक सीन मात्र मान्य, पोरगा रस्त्यावरून स्केटबोर्डवर चाललाय, मोकळा, खूश, आणि दोन्ही हातांनी चक्क ती फ्रेमच बाजूला ढकलतो, पडदा रुंद होतो, 'वंडरवॉल' गाणं वाजतंय. तिथे मीही सरळ होऊन बसले. शेजारीण तेवढी उत्तम, अडखळत बोलणारी मास्तरीण, तिच्यावरच वेगळा सिनेमा हवा होता. बाकी तुमचं प्रेम तुम्हाला लखलाभ.

कोल्हापूरहून एक वाचक : भुताचं काही?

भुतं नाहीत, पण 'पाँटीपूल' बघा, २००८. चर्चच्या तळघरात छोटं रेडिओ स्टेशन, बाहेर बर्फ, बातम्या येतात की गावात लोक वेड्यासारखे वागतायत, आणि रोग पसरतोय तो इंग्रजी शब्दांमधून. जवळजवळ सगळं त्या एका खोलीत, ऐकूनच घाबरायचं. आणि 'क्यूब', १९९७, घनाकार खोलीतून खोलीत जाणारी अडकलेली माणसं. एकाच खोलीचा सेट बांधून नुसते रंग बदलून काम भागवलंय, अभिनय यथातथाच, पण स्वस्तात मस्त म्हणजे काय ते कळतं.

मुंबईहून एक वाचक : सप्टेंबरात मुलीकडे टोरांटोजवळच्या मिसिसागाला जाणार आहोत. टोरांटोचा फेस्टिव्हल आपल्यासारख्यांना झेपतो का?

झेपतो हो, तो कानसारखा फक्त सूटबूटवाल्यांचा नाही, १९७६ पासून चाललाय आणि तिकीट काढून रांगेत उभी राहणारी साधी माणसंच जास्त. आपला 'द डिसायपल' २०२० ला तिथे पुरस्कार घेऊन आलाय, २०२३ ला 'स्थळ'नेही आशियाई सिनेमांसाठी असतो तो नेटपॅक पुरस्कार मिळवला. मुलीला सांगा आधीच बुकिंग बघायला. आणि मोठ्या हॉलिवूडच्या मागे लागू नका, तो नंतर घरी दिसेलच, तिथे कॅनडाचं काहीतरी बारकं बघून या. मागे तसाच एक निघाला, मॅथ्यू रँकिनचा 'युनिव्हर्सल लँग्वेज', २०२४. विनिपेग शहर, बर्फ, राखाडी भिंती, आणि तिथे सगळे फारसी बोलतायत! का, कसं, काही सांगत नाही, आहे म्हणजे आहे. दोन मुलींना बर्फात गोठलेली नोट सापडते, ती काढायची कशी यात सिनेमा, शेजारी एक गाइड टुरिस्टांना शहर दाखवतोय, आणि दाखवतोय काय तर बाकावर कुणीतरी विसरून गेलेली बॅग. टिम हॉर्टन्स या तिथल्या कॉफीच्या दुकानात समोवारातला चहा. ज्यांनी फिल्म क्लबात इराणी सिनेमे बघितलेत ते खुर्चीतून पडतील, बाकीच्यांना पहिली वीस मिनिटं चक्रावल्यासारखं होईल. मला हा जाम आवडलाय, कारण एवढं सगळं उलटंपालटं करूनही ते विनिपेगच राहतं.

डोंबिवलीहून एक वाचक : लोकलमधून आल्यावर दोन तास बसायची ताकद नसते, सबटायटल भराभर वाचता येत नाही आणि पैसेही भरायचे नाहीत. आता बोला!

बोलते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची वेबसाइट उघडा, १९३९ पासूनची सरकारी संस्था आहे, हजारो फिल्मा फुकट ठेवल्यात. नॉर्मन मॅकलारेनची 'नेबर्स', १९५२, आठेक मिनिटं, एक शब्द नाही. दोन शेजारी, मध्ये एक फूल उगवतं, ते कुणाच्या हद्दीत यावरून जे सुरू होतं ते... सोसायटीच्या पार्किंगवाल्यांना सक्तीने दाखवावी. खऱ्या माणसांना चित्रासारखं एकेक फ्रेम हलवलंय. ऑस्कर मिळालं आणि तेही माहितीपटाच्या गटात, का ते त्यांनाच ठाऊक. मग 'द बिग स्निट', १९८५, बाहेर अणुयुद्ध पेटलंय आणि घरात नवरा-बायको स्क्रॅबल या शब्दांच्या खेळावरून रुसलेत.

पण पहिली लावा 'द स्वेटर', १९८०, दहा मिनिटांची. क्युबेकच्या खेड्यातली सगळी पोरं माँट्रियलच्या आइस हॉकी टीमची, सगळ्यांच्या स्वेटरच्या पाठीवर स्टार खेळाडू मॉरिस रिशारचा नऊ नंबर. एकाचा स्वेटर फाटतो, आई कॅटलॉगमधून नवा मागवते, पार्सल येतं आणि त्यातून निघतो टोरांटोचा, म्हणजे दुश्मनाचा! परत कर म्हणून पोरगं रडतं, आई म्हणते, नाही, त्या दुकानाच्या मालकाला वाईट वाटेल, घाल मुकाट्याने. शेवटी ते पोरगं चर्चमध्ये बसून देवाकडे काय मागतं ते सांगत नाही. गोष्ट लिहिणारे रॉक कॅरिए स्वतःच सांगतात, फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत, सावकाश, सबटायटलची भानगडच नाही. डोंबिवली ते ठाणे एवढ्यात बघून होते, बसायला जागा मिळाली तर.